तुम्ही विचारलंत म्हणून: हा पतंग नवीन, हे कशावरून?

पतंगांवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "नवीन प्रजाती आहे हे कळतं कसं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा रात्रीचं जंगल, पांढरा पडदा, दिवा आणि त्यावर अवचित येऊन बसलेलं नवल असतं. पडदा-दिवा खरेच आहेत. पण तिथे काहीच ठरत नाही. उष्ण कटिबंधातल्या आशियात पावसाळ्यातल्या एका रात्री इतके बारके तपकिरी पतंग येतात की त्यांतल्या कित्येकांची नावं मला सांगता येत नाहीत. मला नाव येत नाही म्हणून तो नवीन होत नाही!

खरं काम टेबलावर. पंखांवरची नक्षी फसवते, खवले झडले की तीही जाते. म्हणून पोट अलगद सुटं करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचं, आतला मऊ भाग साफ करायचा. मग जननेंद्रियांचे कठीण भाग उरतात. नर मादीला ज्याने धरतो त्या पकडीचा बाक, तिच्यावरचा एखादा काटा... हुबेहूब दिसणारे दोन पतंग इथे वेगळे पडतात. जोडीला डीएनए असतोच, प्राण्यांच्या प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. पण नुसत्या त्याच्या भरवशावर नाव देणं मला पटत नाही. किती टक्के फरक पडला की प्रजाती वेगळी, याचा सगळीकडे चालेल असा आकडा नाही.

आणि मग सगळ्यात चिवट काम: याला आधीच कुणी नाव दिलेलं नाही ना? एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तरांनी हजारो बारक्या पतंगांना नावं दिली, त्यांत भारत-श्रीलंकेतले भरपूर. वर्णनं बहुतेक चित्राशिवाय, आणि जननेंद्रियं तपासणं त्यांना मान्यच नव्हतं. तेव्हा नुसतं वाचून भागत नाही, संग्रहालयातला मूळ नमुनाच पाहावा लागतो. त्यातून श्रीलंकेत नाव मिळालेला पतंग बोर्निओतही निघू शकतो, म्हणजे त्या सगळ्या टापूतली नावं चाळणं आलं. जुनं नाव सापडलं की आपलं बाद.

यातून तरला, तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचं जोडलं जातं असा नमुना, म्हणून निवडायचा, तो कुठल्या संग्रहात राहील ते लिहायचं आणि वर्णन छापायचं. २०१२ पासून नुसतं ऑनलाइन छापलेलंही चालतं, मात्र झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी.

स्वतःचं नाव देता येतं का, हेही विचारतात. नियमात मनाई नाही. सहकारी मात्र जन्मभर चिडवतील.