माझ्या नावातला ‘ज्ञ’

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मराठी शाळेत माझे नाव ज्ञानेश्वर असे नोंदवले गेले आणि दहावीपर्यंत त्याची कुणालाच अडचण झाली नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर कर्नाटकाच्या रिवाजाप्रमाणे माझ्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग ‘जे’ या अक्षराने सुरू झाले. पुढे कोल्हापुरात आयटीआयचा अर्ज मी मराठीत भरला, तेव्हा तिथल्या कारकुनाने महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे तेच नाव ‘डी’ने सुरू केले. पासपोर्ट दहावीच्या गुणपत्रिकेवरून निघाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर उभे राहायला यांपैकी कोणताच कागद कुणी कधी मागितला नाही, त्यामुळे आपण कागदोपत्री दोन माणसे आहोत हे मला नऊ वर्षे कळलेच नाही. ते कळले जर्मनीच्या अर्जाच्या वेळी. प्रतिज्ञापत्र, दोन वृत्तपत्रांतल्या जाहिराती आणि त्या सगळ्याचे शपथबद्ध भाषांतर यांत चार महिने गेले.

आमच्या भागातून बाहेरदेशी जाऊ पाहणारी मुले माझ्याकडे चौकशी करतात ती पगाराची आणि थंडीची. मी त्यांना आधी कागद विचारतो. हातातले कौशल्य बेळगावात भरपूर आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, काही मायक्रॉनांच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) अचूकतेने काम करणारी मुले उद्यमबागेत आणि मच्छेत गल्लोगल्ली सापडतील. मात्र ते कौशल्य कुठे लिहिलेले आहे, असे विचारले की बहुतेकांकडे उत्तर नसते.

माझ्यापुरते सांगायचे तर मला वाट मिळाली ती जर्मनीच्या बदललेल्या कायद्यामुळे. 1 मार्च 2024 पासून तिथे एक नवी तरतूद लागू झाली. ज्याच्याकडे स्वतःच्या देशात सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण आहे आणि गेल्या पाच वर्षांत त्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव आहे, त्याला आपले शिक्षण जर्मन शिक्षणाच्या तोडीचे आहे हे आधी सिद्ध न करताही नोकरीसाठी जाता येते. अट पगाराची असते: 2025 साली ती वर्षाला 43,470 युरो होती, आणि कंपनी कामगार संघटनेच्या वेतनकरारात असेल तर त्या करारातला पगार पुरतो. ही सूट नसती तर माझा टर्नरचा, म्हणजे लेथवरच्या कामाचा, दाखला तिथल्या साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून पाहिला गेला असता. त्या हुद्द्याचे नाव ‘त्सेअरश्पानुंग्समेशानिकर’ असे आहे आणि ते एका दमात म्हणायला मला त्या कायद्यापेक्षा जास्त वेळ लागला.

या ‘किमान दोन वर्षे’ शब्दांचा अर्थ घरातच कळला. आयटीआयचे टर्नर, फिटर आणि मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डरचा एक वर्षाचा. माझा चुलतभाऊ वेल्डर आहे, त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि तरीही ही वाट त्याच्यासाठी उघडत नाही. दहावीनंतर ट्रेड निवडताना हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगायला तिथे कुणी होतेही कुठे?

तो आखातात जायला निघाला तेव्हा एका एजंटाने त्याच्याकडे सव्वा लाख रुपये मागितले आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगितले. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना असलेल्या एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याचा परवाना चालू आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. आम्ही पाहिले, त्याचे नाव तिथे नव्हते. भाऊ दोन महिने माझ्यावर रागावला होता, मग परवाना असलेल्या एजंटामार्फत नोकरीच्या व्हिसावर मस्कतला गेला.

सगळ्यांत जास्त दमवले ते अनुभवपत्राने. ज्या वर्कशॉपमध्ये मी पहिली पाच वर्षे काढली तिथे पगार रोख मिळे, पीएफ कापला जात नसे, आणि नेमणुकीचे पत्र हा प्रकारच नव्हता. मालकांकडे गेलो तेव्हा त्यांनी लेटरहेडवर ‘मुलगा कष्टाळू व प्रामाणिक आहे’ असे दोन ओळींत लिहून दिले. मी त्यांना सांगितले की कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या मशीनवर आणि कोणते काम केले हे सगळे हवे. ते म्हणाले, “एवढं सगळं लिहून कोण देतंय रे?” त्यांचा राग मला आला नाही, कारण असे पत्र त्यांच्याकडे त्याआधी कुणी मागितलेच नव्हते. शेवटी दुसऱ्या कारखान्यातल्या चार वर्षांनी मला तारले. तिथे पीएफ होता, आणि पासबुकातल्या महिन्यामहिन्याच्या नोंदींपुढे कुणाला शंका घेता आली नाही. पहिली पाच वर्षे माझ्या हातात आहेत, कागदावर नाहीत.

सीमेचे म्हणाल तर तिची आठवण अशा वेळी हटकून होते. शिनोळीचा माझा सोबती आणि मी एकाच शेडमध्ये शेजारच्या मशीनवर होतो. तो चंदगड तालुक्यातला, म्हणजे महाराष्ट्राचा, म्हणून त्याचा व्हिसाचा अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे, आणि मी कर्नाटकाचा म्हणून माझा बंगळूरला. जर्मनची परीक्षा मात्र मी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन भाषा शिकवणाऱ्या संस्थेत, दिली, कारण रात्रीच्या गाडीने पुणे जवळ पडते. तोंडी परीक्षेत मला फारशी भीती वाटली नाही. तालुका कचेरीत कन्नड फॉर्म हातात घेऊन, अर्धे समजले आणि अर्धे अंदाजाने भरले, असे करतच आम्ही मोठे झालो. समोरच्याची भाषा चुकतमाकत बोलायची लाज आमची केव्हाच गेलेली असते.

इथे जर्मनीत कंपनीच्या ओळखपत्रावर पासपोर्टप्रमाणे ‘जे’वाले नाव छापले आहे. जर्मनमध्ये ‘जे’चा उच्चार ‘य’ होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी फोरमनने मला ‘यनानेश्वर’ अशी हाक मारली आणि मी दोनदा मागे वळून पाहिले. ओळखपत्र दुरुस्त करायचे का, असे त्याने नंतर विचारले. मी नको म्हटले. पुन्हा चार महिने कागदांत घालवायची माझी तयारी नव्हती.