धुपदाळच्या हरभऱ्यात कांड्या करकोचे

डिसेंबरच्या सुट्टीत जर्मनीहून बेळगावला आलो की लेकीला धुपदाळला न्यायचं, हे ठरलेलं. सकाळच्या गाडीने घटप्रभा स्टेशनला उतरायचं आणि बंधाऱ्यामागच्या पाण्याच्या कडेने चालत सुटायचं. थापट्या, चक्रवाक ही बदकं लगेच दिसली. कांड्या करकोच्यांचा थवा मात्र पाण्यावर नव्हताच, तो शेजारच्या हरभऱ्यात उतरला होता.

आम्ही बांधावरच थबकलो. जर्मनीत राखीव क्षेत्रात पायवाट सोडायला बंदी असते. तिकडे लेक एका रॉबिन पक्ष्यामागे दोन पावलं गवतात गेली, तर एका अनोळखी बाईंनी आम्हा दोघांनाही झापलं होतं. नियम योग्यच आहे, पण लहान पोरीशी असं बोलतात का? मला ते अजून लागून आहे. त्यामुळे शेताचा मालक येताना दिसला तेव्हा मी आधीच माघार घ्यायच्या तयारीत होतो.

माझ्या मोडक्या कन्नडला त्याने मोडक्या मराठीत उत्तर दिलं. "हिकडं या की. मोटारीच्या खोलीमागं बसा, जवळ येतंय ते."

लेकीने विचारलं, "काका, हे तुमचा हरभरा खातात ना?"

"खातंय की. ऊन झालं की पाण्याकडं जातंय. ऱ्हायलेलं आमचं."

मंगोलिया-कझाकस्तानातून हिमालय ओलांडून आलेल्या थव्याचा हिशेब त्याने एवढ्यात मिटवला. उत्तर जर्मनीत काही भागांत रानहंसांना शेतात चरू दिल्याबद्दल शेतकऱ्यांना सरकारी पैसे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. याने पैशाचं नावही काढलं नाही. वर लेकीच्या हातात हरभऱ्याचा डहाळा दिला.

एवढं आवडतं तर परत का येत नाही, असं घरचे विचारतात. तिकडे जानेवारीत देशभर लोक तासभर बसून आपापल्या बागेतले पक्षी मोजतात. लेक गप्प बसायला तिथे शिकली, म्हणून तर करकोचे आमच्या इतके जवळ आले. बंधाऱ्यावर गाडीची दारं उघडी टाकून गाणी वाजवणाऱ्यांना काय दिसलं असेल?

पुढे पाणथळीत पांढरे करकोचे होते.

"बाबा, हे आपल्या चर्चच्या छपरावरचे?"

हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण तिकडचे जिब्राल्टर नाहीतर बॉस्फरसवरून आफ्रिकेला जातात, इथले बहुतेक मध्य आशियातले, हेच तिला सांगितलं. ती खट्टू झाली. खरं तर मीही.

थवे मार्चपर्यंत असतात. जाल तेव्हा गाडीतली गाणी बंद ठेवा, आणि बांध ओलांडायच्या आधी मालकाला हाक मारा.