आमची वाटचाल : एका रोपवाटिकेत तामण आणि पालक

आमच्या रोपवाटिकेची सुरुवात शोभेच्या झाडांनी झाली. तामण, बहावा, कांचन, सोनमोहोर. कोल्हापुरात या झाडांना मागणी असते ती जून ते ऑगस्ट. पहिला दमदार पाऊस झाला की बंगलेवाले, शाळा, सोसायट्या सगळे एकदम येतात आणि दसऱ्यानंतर गिऱ्हाईक तुरळक होतं. कामाला माणसं मात्र बारा महिने लागतात. म्हणून हिवाळ्यासाठी जोडीला पालेभाजी घेतली : पालक, मेथी, पोकळा, कोथिंबीर. काही माल मंडईत जातो, काही गच्चीवर भाजी करणाऱ्यांना तयार कुंडीसकट.

आज या दोन्ही कामांची माती वेगळी आहे, पाण्याची लाइन वेगळी आहे आणि फवारणीचा पंपही वेगळा आहे. ही वेगळी मांडणी हीच आमच्या धंद्याची खरी वाढ, असं आम्ही मानतो. घरच्या बागेतही बहुतेक नुकसान इथेच होतं : भाजीला मानवलं म्हणून तेच झाडाला दिलं जातं.

तामण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. पालकाला महिन्याभरात पान तयार करायचं असतं; तामणाला आधी मूळ आणि खोड उभं करायचं असतं, फुलासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं. खत, पाणी आणि जागा या तिन्हींचा हिशेब इथून बदलतो.

तामणाची बोंडं तपकिरी झाली, पण अजून उकललेली नाहीत, अशा वेळी तोडायची. उन्हात वाळवली की आपोआप फुटतात आणि आतून पंख असलेलं हलकं बी निघतं. हे बी जुनं झालं की उगवण घटते, त्यामुळे त्याच हंगामात पेरतो. पेरताना खोल पुरायचं नाही. वर चाळलेल्या वाळूचा पातळ थर आणि बारीक छिद्रांच्या झारीने पाणी. उगवण एकसारखी होत नाही, दोन आठवड्यांपासून पाच आठवड्यांपर्यंत रेंगाळते. चार पानांवर आलं की रोप पाच बाय सात इंचांच्या पिशवीत, पुढे आठ बाय दहा, मग बारा बाय पंधरा.

पिशवीत दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती शेतात कितीही चांगली असली तरी पिशवीत चालत नाही. वाळली की आकसते, कडेने भेग पडते, पाणी त्या भेगेतून खाली निघून जातं आणि मुळाचा गड्डा कोरडाच राहतो. वरून पिशवी ओली दिसते, रोप मात्र माना टाकतं. पन्हाळा-राधानगरीकडच्या तांबड्या मातीत हे होत नाही. झाडाच्या पिशवीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त घालू नये; लागवडीच्या वेळी पिशवी फाडली की गड्डा सुटतो आणि बारीक मुळं तुटतात.

पिशव्या दर दोन-तीन महिन्यांनी जागच्या जागी उचलून ठेवाव्या लागतात. तसं केलं नाही तर मूळ तळाच्या भोकातून जमिनीत शिरतं. रोप तेव्हा झपाट्याने वाढतं, पण उचलताना तेच मुख्य मूळ तुटतं आणि गिऱ्हाइकाच्या दारात आठवड्याभरात पानं गळतात. म्हणून विकत घेताना उंची बघण्याआधी पिशवीचा तळ बघावा. तळाशी मूळ गोल गोल गुंडाळलेलं असेल तर ते झाड घेऊ नये. ते वळण जमिनीत गेल्यावरही सुटत नाही.

पालकाला यातलं काही लागत नाही. सहा ते आठ इंच खोल कुंडी पुरते. मिश्रण भुसभुशीत हवं : दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग गांडूळखत, एक भाग माती. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आपल्याकडे सहज मिळते, पण ताजी मळी गरम असते, तीन-चार महिने कुजल्याशिवाय वापरली तर कोवळी मुळं भाजतात. पालकाचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा झुबका असतो, म्हणून रात्रभर भिजवून पेरलं तरी एका जागी दोन-तीन रोपं येतात आणि विरळणी करावीच लागते. शेतात गुंठ्याला 250 ते 300 ग्रॅम बी, ओळींत 20 ते 25 सेंटिमीटर अंतर, दोन-तीन सेंटिमीटर खोली. साधारण महिन्याने पहिली कापणी. जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर वर कापायचं. मधला कोंब कापला गेला की फुटवा येत नाही. पुढची कापणी 15 ते 20 दिवसांनी.

नत्राच्या बाबतीत तर दोघांचं अजिबात जमत नाही. पालकाला प्रत्येक कापणीनंतर नत्र हवं, गुंठ्याला अर्धा किलो युरिया किंवा वाफ्यावर गांडूळखताचा थर. मात्र युरिया दिल्यावर आठ-दहा दिवस कापू नये. पान लुसलुशीत दिसतं, पण मंडईत पोचेपर्यंत लोळतं. तामणाला असं नत्र चारलं तर फांद्या लांब, लेच्या होतात आणि फूल मागे पडतं. चुनखडीच्या जमिनीत तामणाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता, युरियाने जाणारी नव्हे. पालक बीटच्या कुळातला, त्यामुळे थोडी क्षारपड जमीन आणि बोअरचं जड पाणी तो सोसतो. मेथी तेवढं सोसत नाही.

पाण्याचं वेळापत्रकही असंच. पालकाची मुळं उथळ, म्हणून उन्हाळ्यात थोडं थोडं सकाळ-संध्याकाळ, मुळाशी. संध्याकाळी पानांवरून तुषार दिले की रात्रभर पान ओलं राहतं आणि ठिपके येतात. जमिनीत लावलेल्या तामणाला आठवड्याला 10 ते 15 लिटर, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, आणि तेही सावकाश मुरेल असं. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मूळ वरच राहतं आणि झाड कायम पाण्याची वाट बघतं. पावसाळ्यात उलटं. तामण ओढ्याकाठचं झाड, चार दिवस पाणी साचलं तरी टिकतं. पालकाची कोवळी रोपं मात्र जुलैच्या झडीत मानेशी सडून कोलमडतात. म्हणून पावसाळ्यात अर्धा फूट उंच गादीवाफे आणि वर प्लास्टिक, बाजू मोकळ्या.

ऊन तामणाला पूर्ण हवं. पालकाला चार-पाच तास पुरतात, एप्रिल-मेमध्ये तर शेडनेट लागतंच, नाहीतर तो लगेच फुलावर येतो. झाडांवर मारायचं कीटकनाशक आम्ही भाजीच्या बाजूला वारा असताना मारत नाही. भाजीवर फक्त पाच टक्के निंबोळी अर्क.

तामणाचा खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल, मुरमाड जागेत तीन फूट. एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावा, दोन घमेली शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मातीत मिसळून भरावा. वर उसाचं पाचट, खोडापासून वीतभर लांब. फेब्रुवारीच्या सुमारास पानं लालसर होऊन गळतात आणि झाड मेलं म्हणून फोन येतात. बारीक फांदीची साल नखाने खरवडावी; खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. नव्या फुटीच्या टोकाला फूल येतं, त्यामुळे एप्रिलमध्ये छाटणी करू नये.

तामणाच्या आळ्यात पालक लावू का, असं बरेच जण विचारतात. पहिले दोन हिवाळे लावता येतो, खोडापासून दीड फूट सोडून, खुरपं न लावता, आणि खत म्हणून फक्त गांडूळखत देऊन. पानगळीत वरून ऊनही मिळतं. तिसऱ्या वर्षी झाडाची मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. तिथून पुढे आळ्यात पाचटच ठेवावं आणि पालकाचा वाफा दुसरीकडे हलवावा.