आमच्याकडे असं नसतं

पत्त्यांचा कुठलाही डाव घ्या, पानं वाटून होईपर्यंत सगळे एकदम सभ्य असतात. मग कोणीतरी ते वाक्य टाकतं, "आमच्याकडे असं नसतं हां." झालं, आता अर्धा तास खेळ विसरा.

त्यात मेंढीकोट असेल तर विचारूच नका. खरं तर खेळ सोपा आहे, चौघं जण, दोन जोड्या, तेरा-तेरा पानं, चार दश्श्यांपैकी जास्त ज्यांनी ओढल्या ते जिंकले, चारही आल्या की कोट. भानगड सगळी हुकमाची. माझ्या माहेरी कट हुकूम, म्हणजे ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचं पान हातात नसलं की तुम्ही जे टाकाल तोच हुकूम. सासरी बंद हुकूम, तिथे एक जण आधीच एक पान उपडं ठेवतो आणि कोणी अडलं की ते उघडायचं. मला हे कोण सांगणार? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी इस्पिकची दुर्री आपटून "हुकूम इस्पिक!" असं ओरडले आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी आमटीत दूध ओतलंय. दीर म्हणाला वहिनी, हा कुठला खेळ? मी म्हटलं हाच खेळ, तुमचाच कुठला तरी वेगळा आहे. नवरा पाण्याचा ग्लास घेऊन आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

बरं, त्यांच्याकडेही नियम सगळ्यांना सारखा असं काही नाही. पान पडलं की पडलं, परत उचलायचं नाही, हे आम्हाला. सासूबाईंना मात्र "अगं थांब, चौकट आहे होय, मला बदाम वाटलं." सासरे दश्शी हातात असली की घसा खाकरतात आणि ह्याला घरात सगळे खोकला म्हणतात.

लहान मुलांचं मला जास्त प्रामाणिक वाटतं, ती निदान उघडउघड नियम बदलतात. पकडापकडीत कोणी जवळ आलं की टाइम प्लीज, पळायला जागा मिळाली की टाइम प्लीज संपलं. आणि लिंबूटिंबू! ज्याने कोणी हे शोधलं त्याला साष्टांग नमस्कार. छोट्याला खेळायला घ्यायचं, त्याने सगळ्यांबरोबर जीव तोडून धावायचं, पण तो आउट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. माझी भाची एका संध्याकाळी बाणेदारपणे म्हणाली मी लिंबूटिंबू नाही आता, पहिल्याच मिनिटाला पकडली गेली, आणि लगेच म्हणाली ते उद्यापासून.

बाकी छापील नियम असून तरी काय होतं? 2019 मध्ये ऊनो नावाच्या पत्त्यांच्या खेळाच्या कंपनीने स्वतः ट्विटरवर सांगितलं की प्लस फोर पडलं की गपचूप चार पानं उचला, त्यावर प्लस टू टाकून पुढच्याला सहा देता येत नाहीत. लोकांनी चक्क कंपनीलाच ऐकवलं की आम्ही नाही मानत. त्याच वर्षी लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल झाली, दोघांच्या 241-241, सुपर ओव्हरमध्येही 15-15, आणि कप इंग्लंडला कारण त्यांच्या बाउंड्री जास्त, 26 विरुद्ध 17. नियम आधीपासून लिहिलेला होता, मान्य, पण न्यूझीलंडवाल्यांचे चेहरे बघवत नव्हते. नंतर ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियमच काढून टाकला. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी तिथल्या तिथे आणखी एक ओव्हर टाकून मोकळं केलं असतं.

आमच्या घरी शेवटी दिराने तोडगा काढला, जी जोडी पिसेल तिचा हुकूम, त्यांनी बंद म्हटलं तर बंद, कट म्हटलं तर कट. ऐकायला छान आहे. पण मेंढीकोटात पिसायचं असतं हरलेल्यांनी, हे ठरवताना कोणाच्या लक्षातच आलं नाही. गेल्या दिवाळीत दश्श्या दोन-दोन झाल्या, मग हात मोजायला घेतले, आणि रात्री साडेअकराला सासूबाई आणि मी, दोघी दोन जोड्यांकडून, आवाज चढवून सांगत होतो की हात आमचेच सहा आहेत, आम्हीच हरलोय, पत्ते इकडे द्या.