वाढदिवसांचा तक्ता कॅमेऱ्यात दिसत होता

आमची सहावी सोलापूर जिल्ह्यातली, भरती-ओहोटी पुस्तकातच वाचलेली. सिंधुदुर्गातल्या समुद्रकाठच्या एका शाळेशी गुरुवारी झूमवर भेट ठरली होती. आदल्या दिवशी मुलं घरी गेल्यावर तालीम घेतली. लॅपटॉप वर्गात ठेवला आणि पाचवीच्या बाईंना ऑफिसात बसून मोबाइलवरून जोडून घ्यायला सांगितलं. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला तो पाहून मी चरकले. मागच्या भिंतीवर ‘आमचे वाढदिवस’ तक्ता. दोन बोटांनी चित्र मोठं केलं की 31 मुलांची पूर्ण नावं आणि जन्मतारखा सरळ वाचता येत होत्या. शेजारी उंची-वजनाचा तक्ता. आपण रोज बघतो, म्हणून ते आपल्याला दिसतच नाही. पलीकडच्या टोकाला माणूस बसवल्याशिवाय तालीम झाली असं मी म्हणणार नाही.

लॅपटॉप दुसरीकडे वळवला तर खिडकी मुलांच्या पाठीमागे आली आणि चेहरे काळे पडले. शेवटी जागा तीच ठेवली, तक्ते उतरवले. ओळखपत्रं दप्तरात ठेवायची, हाक फक्त पहिल्या नावाने मारायची, हे मुलांना सकाळी सांगितलं.

संमतीपत्रं आठवडाभर आधी घरी पाठवली होती. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. 28 सह्या आल्या, 3 आल्या नाहीत. त्या तिघांना बाहेर बसवणं मला मान्य नव्हतं. त्यांना लॅपटॉपच्या मागच्या बाजूला बसवलं. तिथून प्रोजेक्टरचा पडदा दिसतो, पण कॅमेरा पोचत नाही. प्रश्नांच्या चिठ्ठ्या क्रमाने देणं आणि वेळ बघणं त्यांच्याकडे दिलं. झूमच्या मोफत खात्यावर 40 मिनिटांनी कॉल तुटतो, म्हणून 35 व्या मिनिटाला हात वर करायचा.

खात्याचा कायमचा मीटिंग आयडी वापरला नाही, कारण तो एकदा बाहेर गेला की पुढच्या प्रत्येक तासाला दार उघडं. नवी मीटिंग काढली, पासकोड आणि वेटिंग रूम चालू केली. स्क्रीन शेअर, चॅट आणि नाव बदलणं इतरांसाठी बंद केलं. लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप लॉगआउट केलं, नाहीतर आलेला निरोप सगळ्या वर्गासमोर पडद्यावर उमटतो. पाचवीच्या बाईही वर्गातून मोबाइलवरून जोडलेल्या होत्या, पण माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवून. एका खोलीत दोन उपकरणांचे माइक-स्पीकर चालू राहिले की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते.

गुरुवारी 11 वाजता वेटिंग रूममध्ये दोन नावं आली. ठरलेलं ‘सहावी किनारा’, आणि नुसतं ‘रेडमी’. लिंक मी तिकडच्या बाईंनाच पाठवली होती. मुलं “घ्या ना बाई, घ्या ना” करत होती. मी फोन लावला. “तुमच्याकडून दुसरं कुणी जोडलंय?” “नाही हो. पण लिंक आमच्या पालकांच्या ग्रुपवर गेलीय.” ‘रेडमी’ला काढून टाकलं, किनाऱ्याला आत घेतलं आणि लगेच मीटिंग लॉक केली. तो मोबाइल कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. एखाद्या आईचाही असेल, पण नाव नसलेल्याला मुलांसमोर आणायचं नाही.

तिकडच्या मुलाने ओल्या खडकावरची भरतीची रेघ फोटोत बोटाने दाखवली तेव्हा वर्ग उठून उभा राहिला. 36 व्या मिनिटाला सगळ्यांसाठी मीटिंग संपवली, कॅमेऱ्याचा दिवा विझलेला पाहिला, मगच झाकण लावलं.

वाढदिवसांचा तक्ता शुक्रवारी पुन्हा लावला. आता त्यावर आडनाव नाही, जन्मसालही नाही.