जंपिंग बंद केलं तो दिवस

मी शहराच्या उद्यान विभागात कार्यक्रमांचं बघते. उद्यान विभाग म्हटलं की लोकांना झाडं, गवत आणि बाकडी एवढंच डोळ्यासमोर येतं, पण पोहण्याचे क्लास, ज्येष्ठांचे खुर्चीवरचे व्यायाम, सुट्टीतले मुलांचे कॅम्प, मैदानातला सिनेमा हे सगळं पण आमच्याचकडे असतं आणि वर्षातून एकदा फॅमिली डे. म्हणजे महिनोन् महिने मीटिंगा, परवानग्या, विमा, टॉयलेटच्या गाड्या किती मागवायच्या यावर भांडणं, आणि मग एका दिवसात सगळं खल्लास.

त्या दिवशी सकाळी माळीकाका आणि जंपिंगवाले यांची जुंपली होती. जंपिंग म्हणजे तो हवेने फुगवलेला किल्ला, मुलं आत उड्या मारतात तो. तो जमिनीला बांधायला लांब लोखंडी खुंट्या ठोकाव्या लागतात आणि आमच्या मैदानाखाली स्प्रिंकलरच्या पाइपलाइनी आहेत. काकांनी आदल्या दिवशीच जिथे जिथे पाइप आहे तिथे छोटी झेंडी लावून ठेवली होती, आणि जंपिंगवाल्यांना नेमकं तिथेच खुंटी ठोकायची होती. ते म्हणाले, एक खुंटी कमी मारली तर काय बिघडतंय? काका म्हणाले, मग किल्लाच सरकव. शेवटी किल्ला सरकवला. युरोपात या प्रकाराचं जे स्टँडर्ड आहे त्यात कमीत कमी ६ ठिकाणी बांधायला सांगितलंय, आणि जमीन कडक असल्यामुळे खुंटी जात नसेल तर प्रत्येक जागी साधारण १६३ किलो वजन ठेवायचं. एका जागेला १६३ किलो! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला टायपिंगची चूक वाटली होती. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो आणि हा किल्ला म्हणजे शेवटी एक मोठं शीडच, फक्त जहाजाशिवाय. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात तास्मानियातल्या डेव्हनपोर्टला शाळेच्या कार्यक्रमात वाऱ्याने असाच किल्ला उचलला आणि ६ मुलं गेली. तेव्हापासून मी हा विषय हसण्यावारी नेत नाही.

दुपारपर्यंत सगळं मस्त चालू होतं. चेहरा रंगवायच्या टेबलाशी अर्धे वाघ, अर्धी फुलपाखरं. रस्सीखेचला वडीलमंडळी मुलांपेक्षा जास्त सिरीयस. तळ्याकाठच्या पक्षीनिरीक्षणाला मोजकीच माणसं होती पण ती हलायलाच तयार नव्हती. जंपिंगची रांग तर मैदानाच्या गेटपर्यंत.

मग वारा सुटला. आधी नुसते कागदी कप उडायला लागले, मग नोंदणीच्या टेबलावरची छत्री वाकडी झाली. माझ्या खिशात वारा मोजायचं छोटं यंत्र असतं, अॅनिमोमीटर, हातात धरायचं, पंखा फिरतो, आकडा दिसतो. त्याच स्टँडर्डप्रमाणे ताशी ३८ किलोमीटरच्या वर जंपिंग चालवायचं नाही, आणि यात सरासरी बघायची नसते, एक झुळूक जरी वर गेली तरी बस. यंत्र नसेल तर झाडं बघायची, पानं असलेली लहान झाडं अख्खी डोलायला लागली की समजायचं आलोच आपण तिथे. माझा आकडा ३१, ३४, मग थोडा खाली, मग एकदम ४१.

मी वॉकीटॉकीवर सांगितलं जंपिंग रिकामं करा. मुलं बाहेर काढणं सोपं असतं खरंतर, रडतात पण निघतात. आई-वडील कठीण. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आम्ही तासभर रांगेत आहोत, एवढ्याशा वाऱ्याला काय घाबरायचं?" मी यंत्र दाखवलं तर म्हणे, "हे बरोबर दाखवतं कशावरून?" यावर काय बोलणार!

जंपिंगवाले वेगळ्याच मुद्द्यावर अडलेले. मुलं नाही तर नाही, पण किल्ला उभा राहू द्या, मैदान भरल्यासारखं दिसतं. आता यात गोम अशी की रिकामा फुगवलेला किल्ला जास्त वाईट, आत मुलांचं वजन नाही आणि वारा धरायला सगळा पृष्ठभाग तसाच. तो आधी रिकामा करायचा, मग ब्लोअर बंद करायचा आणि खाली बसवायचा, याच क्रमाने, कारण मुलं आत असताना हवा गेली तर भिंती अंगावर येतात. ते म्हणाले, "ताई, आमचे पैसे तासावर आहेत." आणि मला तिथेच लख्ख दिसलं की ज्याचं पोट किल्ला उभा राहण्यावर आहे त्यालाच आपण विचारतोय की उतरवू का. तो वाईट माणूस नव्हता हो, पण त्याला विचारणंच चूक. मी म्हटलं पूर्ण दिवसाचे पैसे मिळतील, लेखी देते, आत्ता बसवा. दोन मिनिटांत किल्ला जमिनीवर. गर्दीतून हूऽऽ असा आवाज आला, माझ्यासाठीच.

आणि तेवढ्यात लांब कुठेतरी ढग गडगडला.

विजेचा नियम आमच्याकडे अगदी साधा आहे. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, मग डोक्यावर ऊन का असेना. आवाज १ किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद घेतो, त्यामुळे चमकल्यावर आकडे मोजले की अंतर कळतं, पण मैदानात हजारभर माणसं असताना मोजत कोण बसणार, सरळ सगळ्यांना आत घ्यायचं. मांडव चालत नाही, झाड तर नाहीच नाही. बाहेरचा पोहण्याचा तलाव पण रिकामा. पक्की इमारत, नाहीतर पत्र्याच्या टपाची गाडी काचा लावून. आणि शेवटचा गडगडाट झाल्यापासून ३० मिनिटं थांबायचं, मध्ये परत ऐकू आला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

गाड्या असलेल्यांना पार्किंगला पाठवलं, बाकीच्यांना आमच्या क्रीडा सभागृहात. तिथे दारावर क्षमतेचा आकडा लिहिलेला असतो, एक स्वयंसेवक मुलगी हातात काउंटर घेऊन टकटक मोजत उभी, आकडा भरला की पुढच्यांना शेजारच्या वाचनालयात वळवायचं. हे सगळं कागदावर ठरलेलं होतं. कागदावर नव्हतं ते असं की सभागृहात ज्येष्ठांच्या टेबल टेनिस ग्रुपची फायनल चालू होती.

हा ग्रुप म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. त्यांची वेळ अनेक वर्षं ठरलेली, ती हलवायची तर आमच्या साहेबांना पण घाम फुटतो. दार उघडलं, ओली नाही, घाबरलेली नाही, पण चिडलेली गर्दी आत घुसली (ओली नाही कारण पाऊस पडलाच नव्हता, आणि सगळे त्यावरच चिडलेले), आणि टेबलापाशी एक आजोबा सर्व्हिस टाकायच्या तयारीत बॉल तळहातावर धरून माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "काका, टेबल मिटवावं लागेल, जागा पाहिजे." ते म्हणाले, "सतरा-सोळा आहे." म्हणजे विषय संपला.

बाकीची टेबलं मिटवली, हे एक भिंतीशी राहू दिलं. मुलं आपोआप जमिनीवर बसली, पुढची मांडी घालून, मागची गुडघ्यावर. एक मुलगा, चेहऱ्यावर वाघ, ओरडला, "अहो अकराला संपते गेम!" खरं आहे त्याचं, २००१ पासून जगभर गेम ११ पॉइंटची झालीये, त्याआधी २१ ची होती. या ग्रुपने तो बदल कधी स्वीकारलाच नाही. समोरचे आजोबा म्हणाले, "बाळ, अकराला तर माझा खांदा पण सुटत नाही."

बाहेर ढग, आत वीस-वीस. मग दोनाचा फरक पाहिजे, तो काही पडेना. एकाने कट मारायचा, दुसऱ्याने उचलून द्यायचा, मध्येच एकाला चष्मा पुसायला वेळ पाहिजे आणि ती सगळी पोरं गप्प. पॉइंट झाला की छप्पर उडेल असा आवाज. थोड्या वेळापूर्वी मला हूऽऽ करणारे तेच गृहस्थ, यंत्र बरोबर कशावरून विचारणारे, आता मोठ्याने स्कोअर मोजत होते. मी दारात घड्याळ धरून उभी, आणि २४ व्या मिनिटाला परत गडगडलं. मला वाटलं आता मारतात मला. सांगितलं, अजून ३० मिनिटं. कोणी वळून पण बघितलं नाही.

सव्वीस-चोवीसला संपली. सतरा-सोळावाले हरले आणि अंपायरशी भांडले, अंपायर म्हणजे त्यांचीच बायको.

पाऊस त्या दिवशी एक थेंब पडला नाही. वीज मैदानात पडली नाही, काहीच उडालं नाही, एक छत्री सोडली तर. घटना अहवालात जखमी शून्य, नुकसान एक छत्री, कार्यक्रम बंद. अभिप्रायाच्या फॉर्मवर कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं, "विनाकारण घाबरवलं." आमच्या ऑफिसमध्ये पण एकदोघांनी टोमणे मारले की ऊन पडलं होतं म्हणे. पडलं होतंच की. मी तेवढंच सांगते की त्या दिवशी मी काही धाडसी निर्णय घेतला नाही, आकडा आधीच ठरलेला होता म्हणून मला भांडायला कमी लागलं, नाहीतर त्या रांगेसमोर माझाही पाय डगमगला असता.

कंत्राटात मात्र दोन ओळी मी हट्टाने घालून घेतल्या. वारा आमच्या यंत्राने मोजायचा आणि बंद करायचा शब्द आमच्या माणसाचा, आणि वाऱ्यामुळे बंद झालं तरी ठरलेले पैसे पूर्ण. हिशोबवाल्यांनी नाकं मुरडली, काम न करता पैसे कसले म्हणून. पण जंपिंगवाल्यांनी वाचून सही केली आणि पुढच्या वेळी स्वतःचं अॅनिमोमीटर घेऊन आले, माझ्यापेक्षा महागाचं.

आणि टेबल टेनिस ग्रुपचं पत्र आलं, रीतसर, सगळ्यांच्या सह्यांचं. मला वाटलं फायनलमध्ये घुसल्याबद्दल तक्रार असणार. मागणी अशी होती की यापुढे त्यांची फायनल फॅमिली डेच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत छापावी, प्रेक्षकांना बसायला चटया विभागाने द्याव्यात, गेम २१ चीच राहील, आणि अंपायर बदलावा.