आईच्या डोळ्यासमोरची चिलटं

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस आई विळीवर नारळ खवत बसली होती आणि मधेच नारळाची वाटी खाली ठेवून तोंडासमोर हात हलवत होती. एकदा, दोनदा, परत. मी म्हटलं काय गं, तर म्हणाली चिलटं झालीयत, पावसात होतातच. मला एकही चिलट दिसत नव्हतं. पण घरात साफसफाई, मखराचं सामान, मुंबईहून येणाऱ्या काका-काकूंची अंथरुणं, सगळा नुसता गोंधळ, मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तो हलणारा हात मला अजून तसाच्या तसा दिसतो.

दोन दिवसांनी रात्री लाइट गेले तेव्हा म्हणाली, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतंय. बाहेर खरंच विजा चमकत होत्या त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. त्याच डोळ्याचा मोतीबिंदू तीन वर्षांपूर्वी काढलेला, आणि त्याआधी तिला मोठा मायनस नंबर होता. मग घरात ठरलं की नंबर बदलला असेल, गणपती होऊ देत मग दाखवू. आमच्याकडे रत्नागिरीत काय किंवा खाली सिंधुदुर्गात काय, भाद्रपदात सगळीच दुखणी गणपतीनंतर ढकलली जातात, गुडघा, दात, डोळा, सगळं.

आता मला माहितीय की त्या आठ दिवसांत पंधरा-वीस मिनिटांच्या लेझरवर काम भागलं असतं. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

झालं काय होतं ते आधी सांगते. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला पातळ पडदा असतो, रेटिना, त्याच्यावर चित्र उमटतं. आणि डोळ्याची पोकळी एका जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते. पन्नाशी-साठीनंतर ही जेली आकसते आणि पडद्यापासून सुटत जाते, मायनस नंबरवाल्यांची आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांची जरा लवकर. बहुतेकांची काही न होता सुटते, चार ठिपके तरंगताना दिसतात आणि हळूहळू त्यांची सवय होते. पण कुठे घट्ट चिकटलेली असेल तर सुटताना पडद्याला ओढते आणि पडदा फाटतो. पडद्याला दुखणं कळत नाही हो, त्याला फक्त उजेड कळतो, म्हणून त्याला ओढ बसली की माणसाला वीज दिसते. आईची चिलटं म्हणजे त्या जेलीतल्या गाठी आणि फाटताना निघालेलं थोडंसं रक्त, त्याची सावली पडद्यावर पडत होती.

गौरी आल्या त्या दिवशी सकाळी तिला उजव्या डोळ्यात खालून, नाकाच्या बाजूने काळी सावली दिसायला लागली. हे तिने नंतर सांगितलं. भरतीचं पाणी वर चढतं ना तसं, म्हणाली, सकाळी थोडं होतं, संध्याकाळी अर्ध्यावर आलं. आणि विसर्जनाच्या आरतीला तिने सहज डावा डोळा चोळला तर उजव्या डोळ्याने बाप्पाचा चेहरा वाकडा दिसला. तरी गप्प. घरात अठरा माणसं जेवायची होती, कोणाला सांगणार, असं म्हणाली. मला तिचा राग येत नाही, पण मला रडू येतं.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत डोळ्याच्या डॉक्टरांकडे. थेंब टाकून अर्धा तास बसवलं, बाहुली मोठी झाली मग डॉक्टरांनी कपाळाला तो दिवा बांधला, हातात जाड भिंग धरलं, पापणीवरून एका बोथट काडीने दाबून चारी बाजूंनी बघितलं, वर बघा, खाली बघा, कानाकडे बघा. आई म्हणत होती मला खालून दिसत नाही आणि डॉक्टर बघत होते वरच्या बाजूला. मी विचारलं तर म्हणाले डोळ्यात चित्र उलटं पडतं, खालचं दिसत नाही म्हणजे वरचा पडदा सुटलाय. वर कानाच्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची चीर सापडली. म्हणाले आजच कोल्हापूरला निघा, जाताना यांना आडवं झोपवून न्या, वरचा पडदा सुटला की वजनाने भराभर खाली येतो.

हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट. आईचं डोकं माझ्या मांडीवर, बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, कोणी बोलत नव्हतं. मधेच आईने विचारलं, निर्माल्य नीट विसर्जन केलं ना गो?

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, काढली. आई हनुवटी टेकवून बसली नि दोन मिनिटांत पडद्याचा आडवा छेद स्क्रीनवर आला, डोंगराच्या रेषेसारखा, आणि मधोमध ती रेघ खालच्या थरापासून उचललेली. तो मधला भाग म्हणजे मॅक्युला, वाचायचं, चेहरे ओळखायचं, सुईत दोरा ओवायचं सगळं त्याच्यावर. तो चिकटलेला असताना माणूस पोचला तर नजर वाचायची शक्यता खूप चांगली. तो एकदा सुटला की त्याच्या पेशींना खालून मिळणारं रक्ताचं पोषण तुटतं आणि तासातासाने नुकसान होतं. आईचा सुटला होता. डॉक्टर म्हणाले, काकू, पडदा मी बसवून देतो, नजर किती येईल ते मात्र आता सांगत नाही.

पडदा कसा बसवतात हे मला कोल्हापुरातच राजारामपुरीत मावशीकडे रात्री जागून वाचताना नीट कळलं. आमच्या घराच्या भिंतींना पावसात ओल धरते आणि रंगाचा पोपडा फुगून सुटतो, अगदी तसंच, फाटलेल्या जागेतून पाणी मागे शिरतं आणि पडदा भिंतीपासून सोलला जातो. पोपड्यावर नुसता रंग मारून उपयोग नाही, कौल कुठे फुटलंय ते आधी शोधायला लागतं. डोळ्याच्या बाबतीत ही गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या ज्यूल्स गोनँ नावाच्या डॉक्टरांनी जगाला पटवून दिली, 1920च्या दशकात. त्याच्या आधी पडदा सरकला की डोळा गेला असंच धरत. पुढे 1970च्या सुमाराला रॉबर्ट माखेमर यांनी अमेरिकेत डोळ्याच्या आत शिरून जेली कापून काढायचं ऑपरेशन सुरू केलं, व्हिट्रेक्टॉमी. आईचं तेच झालं.

तिला भूल पूर्ण नव्हती, डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर केलेला. बुबुळाच्या बाहेर पांढऱ्या भागात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची तीन भोकं, एकातून पाणी आत, एकातून दिवा, एकातून मिनिटाला हजारो वेळा कापणारं कटर. जेली काढली, पडद्यामागचं पाणी ओढून घेतलं, पडदा जागेवर बसला, चिरेभोवती लेझरचे ठिपके मारले, आणि शेवटी आत वायू भरला. लेझरची जागा पक्की धरायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढे दिवस आतून कोणीतरी दाबून धरायला हवं, ते काम त्या बुडबुड्याचं.

आणि इथे आपल्या कोकणातल्या माणसांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, राहायला कुठे? मी म्हटलं रत्नागिरीजवळ. म्हणाले मग वायू घातला तर घाट चढउतार बंद. घाट चढताना वेफर्सचं पाकीट फुगतं बघा, बाहेर हवेचा दाब कमी होतो म्हणून, तसाच डोळ्यातला बुडबुडा फुगतो, डोळ्याचा दाब एकदम वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. विमान तर नाहीच नाही. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, आम्ही समुद्राला लागून, म्हणजे घरी गेलो की तपासणीला परत घाट चढून यायचं. दुसरा पर्याय सिलिकॉन ऑइल, त्याला घाटाची भीती नाही पण काही महिन्यांनी ते काढायला दुसरं ऑपरेशन. मावशी म्हणाली ताई माझ्याकडे राहील, विषयच नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरणारा वायू घातला आणि आईच्या मनगटाला पट्टी बांधली, डोळ्यात वायू आहे अशी, कारण चुकून दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला हसवणारा वायू देऊन भूल दिली तरी बुडबुडा फुगतो.

पहिले काही दिवस पालथं झोपायचं. जेवण, बाथरूम आणि थेंब सोडले तर तोंड खाली. मावशीने दोन उशांच्या मधे खाच केली, खाली जमिनीवर ताट ठेवून आई मान खाली घालूनच भाजी निवडून द्यायची, ऐकायचीच नाही. साठी उलटलेल्या बाईची मान आणि खांदे किती दुखत असतील. मी रोज रात्री तेल लावायचे, ती म्हणायची पुरे गो, तू झोप.

दहाव्या दिवशी म्हणाली, वरून दिसायला लागलंय. बुडबुडा लहान होत होता आणि त्याची रेघ तिला दिसत होती, गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्यासारखी, मान हलवली की डुचमळणारी. रेघ रोज थोडी खाली. शेवटी तळाला एक गोल मणी उरला आणि एके दिवशी सकाळी तोही नाही. मग तपासणी करून आम्ही घाट उतरलो.

आज त्या डोळ्याने तिला माणसं ओळखता येतात, मोठी अक्षरं वाचता येतात, पण दाराची चौकट मधे जराशी लचकलेली दिसते आणि सुईत दोरा डाव्या डोळ्यावर ओवते. डाव्या डोळ्यातही पडद्याच्या कडेला पातळ झालेली जागा आणि एक बारीक भोक सापडलं, त्याला ओपीडीत बसल्याबसल्या लेझर मारला, चहा प्यायच्या आत बाहेर आली. मी स्वतः मायनस सातवाली, मीही थेंब टाकून पडदा तपासून घेतला, आता दरवर्षी घेणार.

हात जोडून सांगते, मोतीबिंदूने आपल्याला थांबायची सवय लावलीय, पिकू दे मग काढू. पडद्याला ते लावू नका. अचानक ठिपके वाढले, अंधारात चमक दिसली, कुठल्याही बाजूने सावली आली तर त्याच दिवशी थेंब टाकून पडदा बघणाऱ्या डॉक्टरकडे जा, नुसता नंबर काढून घेऊन परत येऊ नका. शुगर असेल तर काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा दाखवाच, त्यात रक्तस्राव व्हायला लागेपर्यंत माणसाला छान दिसत असतं.

आईने आता स्वतःचं एक काढलंय. सकाळी चूल पेटवायच्या आधी कालनिर्णयसमोर उभी राहते, एक डोळा हाताने झाकून तारखांचे चौकोन बघते, मग दुसरा. उजव्याने बघताना बोटाने एक रेघ धरून बघते, कालच्यापेक्षा जास्त वाकडी नाही ना. बाबा विचारतात काय गो, आणि ती म्हणते, कालच्याएवढीच.